अल जझीरा की अल अरेबिया: अरब लोकशाहीच्या अभ्यासासाठी कोणती वाहिनी पाहावी?

पत्रकारिता किंवा राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘उपग्रह वाहिन्या आणि अरब लोकशाही’ हा विषय घेणाऱ्यांपुढे बहुतेक वेळा हीच दोन नावं येतात. एकच निवडायची तर मी अल जझीरा म्हणेन, पण एका मोठ्या अटीवर.

अल जझीरा १ नोव्हेंबर १९९६ रोजी दोह्यातून सुरू झाली, कतारच्या अमीरांच्या पैशावर. त्याच वर्षी बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी सौदी भागीदाराशी बिनसल्यामुळे बंद पडली होती आणि तिथले अनेक पत्रकार दोह्यात आले. तोवर अरब घरांतल्या सरकारी बातम्या म्हणजे राष्ट्राध्यक्ष आज कुणाला भेटले याची जंत्री. अशा प्रेक्षकांसमोर फैसल अल कासिम यांनी ‘विरुद्ध दिशा’ या अर्थाच्या नावाच्या कार्यक्रमात कट्टर विरोधकांना समोरासमोर बसवलं आणि प्रेक्षकांचे फोन थेट घेतले. आपल्याला आज टीव्हीवरच्या भांडणांचा वीट आला आहे. पण सत्ताधाऱ्याला जाहीरपणे जाब विचारता येतो हेच तिथे अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. हे ऋण मला फार मोठं वाटतं.

अल अरेबिया मार्च २००३ मध्ये, इराक युद्ध तोंडावर असताना, दुबईतून सुरू झाली. पैसा सौदी, सूर संयत, अर्थविषयक बातम्या चांगल्या. अल जझीराला उत्तर म्हणूनच ती काढली गेली. रियाधच्या राजघराण्याला शेजारच्या घडामोडी कशा दिसतात हे समजून घ्यायला तिच्याइतका सोयीचा स्रोत नाही.

खरा फरक ट्युनिशियात दिसतो. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतरच्या निदर्शनांचं चित्रण त्याच्या एका नातेवाइकाने मोबाइलवर केलं आणि फेसबुकवर टाकलं. ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बेन अली यांच्या सरकारने अल जझीराला देशात कार्यालय उघडू दिलं नव्हतं, म्हणून वाहिनीने असेच तुकडे उचलून दाखवले. ज्या घरांत इंटरनेट नव्हतं पण डिश होती, तिथे उठावाची बातमी अशी पोहोचली. १४ जानेवारी २०११ला बेन अली पळाले आणि त्यांना आश्रय मिळाला तो सौदीतल्या जेद्दात. एवढं कळलं की सौदी पैशावरची वाहिनी अशा उठावांकडे बिचकत का पाहते, हे वेगळं सांगावं लागत नाही. उठाव इजिप्तमध्ये पोहोचला तेव्हा तर सरकारने अल जझीराचं कैरोतलं कार्यालयच बंद केलं. निदर्शकांनी भरलेला कैरोतला तहरीर चौक तरीही पडद्यावर राहिला.

आता ती अट. फेब्रुवारी २०११ मध्ये बहारीन या कतारच्या शेजारच्या राजेशाहीत लोक रस्त्यावर उतरले, मार्चमध्ये तिथल्या राजाच्या मदतीला सौदी फौजा घुसल्या, आणि अल जझीराच्या अरबी वाहिनीचा आवाज एकदम खाली आला. तिच्याच इंग्रजी वाहिनीने मात्र बहारीनवर धाडसी माहितीपट केला. पुढे इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी राजकीय संघटनेकडे झुकल्याचा आरोप होऊन २०१३ मध्ये तिच्या तिथल्या काही पत्रकारांनी राजीनामे दिले. कतारमधल्या सत्तेबद्दल तर तिच्याकडून फारशी अपेक्षाच ठेवू नये. सीरिया आणि लिबियातल्या उठावांच्या बाबतीत दोन्ही वाहिन्या आपापल्या मालकांच्या परराष्ट्र धोरणाच्या मागे गेल्या.

म्हणून १९९६ ते २०११ हा काळ अभ्यासायचा असेल तर निःशंकपणे अल जझीरा घ्या. आखाती राजेशाह्यांचं राजकारण हा विषय असेल तर अल अरेबिया आधी पाहा. २०११ नंतरचं काहीही असेल तर एकाच दिवसाच्या बातम्या दोन्हींकडे पाहून कोणी काय वगळलं ते टिपा. जून २०१७ पासून सुरुवात करा. तेव्हा सौदी आणि मित्रदेशांनी कतारची नाकेबंदी केली होती आणि त्यांच्या १३ मागण्यांमध्ये अल जझीरा बंद करा ही एक होती.