भिजवायचा दगड की शिंपडायचा?

घरात सांतोकू किंवा ग्युतोसारखी जपानी सुरी आहे, हत्यारांच्या पेटीत दोन-चार जपानी पटाशा आहेत, म्हणजे धार लावायला हजार ग्रिटचा, मध्यम दाण्याचा एक दगड लागणार हे उघड आहे. अडतं ते पुढे. पाण्यात बुडवून ठेवायचा मऊ दगड घ्यावा, की वर पाणी शिंपडून लगेच घासायला घेता येणारा कडक? माझ्याकडे दोन्ही आहेत.

मऊ दगडाची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. तो स्वस्त पडतो. पातं किती टेकलंय, कोन कुठे ढळला, हे हाताला लगेच कळतं. शिवाय घासताना त्याचा गाळ (झिजलेल्या कणांचा चिखल) भरपूर सुटतो आणि यानागिबा, उसुबा अशा एकतर्फी धारेच्या सुऱ्यांना तो हवाच असतो. या सुऱ्यांत मऊ लोखंडाला कडक पोलादाचा थर जोडलेला असतो; त्या गाळाने लोखंड धुरकट होतं, पोलाद उजळ राहतं आणि दोघांमधली रेघ स्पष्ट उमटते. कडक दगडावर हे रूप मला कधी मनासारखं मिळालेलं नाही. ओरखडेच जास्त दिसतात.

कडक दगडांत शॅप्टन कंपनीचे कुरोमाकू बहुतेकांनी पाहिलेले असतात, हजारचा केशरी आणि दोन हजारचा हिरवा. त्यांचा प्लास्टिकचा डबाच बैठक म्हणून वापरता येतो. हाताखाली मात्र ते काहीसे निर्जीव वाटतात. ज्यांचे कण मॅग्नेशियाच्या सिमेंटने बांधलेले असतात असे दगड, उदाहरणार्थ नानिवा कंपनीचे प्रोफेशनल, तासन् तास पाण्यात ठेवू नयेत आणि उन्हात वाळवू नयेत, तडे जातात.

लोक तक्रार करतात ती भिजवण्याची. मला तिचा फारसा त्रास नाही; चहा होईस्तोवर दगड भिजतो. मला वैताग आणला तो दगड झिजून मध्ये पडणाऱ्या खळग्याने.

सुरीची नुसती धार दगडाला लागते आणि हात आपोआप दगडभर फिरतो, त्यामुळे थोडा खळगा असला तरी सुरी सांभाळून घेते. पटाशीचं तसं नाही. तिचा अख्खा उतार, म्हणजे धारेमागचा तिरका भाग, दगडावर बसतो, पोलादाच्या थराचा कडकपणा बहुधा रॉकवेल मापाने 60 च्या बराच वर, आणि पातं अरुंद असलं तर ते मऊ दगडात सरळ नाळ पाडतं. अशा दगडावर उताराला पोट सुटतं. त्याहून वाईट म्हणजे पाठ. जपानी पटाशीची पाठ मधून पोकळ आणि कडांना सपाट असते. त्या सपाट कडाच गोलावल्या, तर सांध्याची भिंत सोलताना पटाशी लाकडाला टेकून चालतच नाही. म्हणून दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट पट्टीवर) त्या पुसल्या जाईपर्यंत घासा, धुवा आणि मग पटाशी हातात घ्या. पुढच्या पटाशीआधी बहुतेकदा पुन्हा तेच. मला तर धार लावण्यापेक्षा दगड सपाट करण्यातच जास्त वेळ जातोय असं वाटायचं, आणि हळूहळू मी बोथट पटाशीच दामटून चालवायला लागलो.

कडक दगडालाही सपाट करावं लागतंच, पण माझ्या वापरात बरंच कमी. पटाश्या आता वेळच्या वेळी दगडावर जातात, एवढा फरक मला पुरला. तुमचा हात हलका असेल, दगडभर नीट फिरत असेल, तर कदाचित तुम्हाला तो एवढा जाणवणारही नाही. नुसत्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्याच असतील, तर मऊ दगड घेऊनही पस्तावाल असं वाटत नाही.

पण पटाश्या किंवा रंध्याचं पातं त्याच दगडावर जाणार असेल, तर मी हजारचा कडक घेईन आणि उरलेल्या पैशांत जाडसर डायमंड प्लेट. सहा हजारचा बारीक दगड त्यानंतर. माझा मऊ दगड हल्ली फक्त उसुबासाठी बाहेर निघतो.