व्हर्जन रिटायर झाली की ट्युटोरियल तिथेच दुरुस्त करायचं की जुनं ठेवून नवीन लिहायचं?

पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेच्या 3.8 व्हर्जनचा सपोर्ट (म्हणजे दुरुस्त्या मिळणं) ऑक्टोबर 2024 मध्ये संपला, 3.9 चा ऑक्टोबर 2025 मध्ये, आणि 3.10 चा नंबर ऑक्टोबर 2026 ला. म्हणजे दर ऑक्टोबरला एक नवीन येणार आणि एक घरी जाणार हे आता ठरूनच गेलंय. आमच्या गोव्यात त्या दिवसांत पोरं दिवाळीचे नरकासुर बांधण्यात गुंतलेली असतात, क्लासला अर्धी बाकं रिकामी, त्यामुळे नोट्सची डागडुजी करायला मला तेव्हाच काय तो वेळ मिळतो.

मी डिचोलीला छोटा क्लास घेतो आणि पायथनच्या नोट्स मराठीतून ऑनलाईन टाकतो. आमच्याकडच्या बऱ्याच पोरांची प्राथमिक शाळा मराठीत झालेली असते आणि पाचवीपासून इंग्रजी, त्यामुळे टर्म इंग्रजीतच ठेवल्या तरी समजावणं मराठीत असलं की लवकर डोक्यात शिरतं. फोंड्यातले एक मित्र आता असंच काहीतरी सुरू करतायत आणि परवा त्यांनी विचारलं की जुन्या व्हर्जनवर लिहिलेल्या धड्यांचं करायचं काय. फोनवर सांगता सांगता ते इतकं लांबलं की म्हटलं लिहूनच काढू.

रस्ते दोन. एक, त्याच पानावर, त्याच लिंकवर जे मोडलंय ते दुरुस्त करायचं. दुसरा, जुनं पान आहे तसं फ्रीझ करायचं, वर पट्टी लावायची की हे जुन्या व्हर्जनसाठी आहे, आणि नवीन पान वेगळ्या लिंकवर लिहायचं. मी दोन्ही करून बघितलंय, अगदी सुरुवातीचे धडे फ्रीझ करून नवीन लिहिले होते आणि फाईल हँडलिंगचे (प्रोग्राममधून फाईल वाचण्या-लिहिण्याचे) धडे जागच्या जागी सुधारले होते, त्यामुळे खाली जे आहे ते अनुभवाचं आहे, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही. (एकाच पानावर दोन व्हर्जनचे दोन टॅब हा तिसरा प्रकारही असतो. मोबाईलवर पोरं एका टॅबमधून वरचा कोड कॉपी करतात आणि दुसऱ्यातून खालचा. त्यावर जास्त बोलत नाही.)

मोठी मंडळी दोन्ही प्रकारे करतात. जँगोच्या (पायथनमधून वेबसाईट बनवायच्या फ्रेमवर्कच्या) साईटवर प्रत्येक व्हर्जनचं ट्युटोरियल वेगळं, तुमची व्हर्जन जुळत नसेल तर कोपऱ्यातल्या स्विचरने आपापल्या व्हर्जनच्या पानावर जा असं तेच सांगतात, आणि जी व्हर्जन रिटायर झाली तिच्या पानावर वर इशारा असतो. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येही 3.8 ची पानं अजून जागेवर आहेत, फक्त वर पट्टी आहे की ही व्हर्जन आता सपोर्टमध्ये नाही, नवीन वाचा. पीएचपी ह्या वेबसाईटसाठीच्या भाषेचं मॅन्युअल मात्र एकच. एका फंक्शनचं एक पान, आणि त्यातच खाली चेंजलॉगचा तक्ता की कुठल्या व्हर्जनला काय बदललं. मला हे पीएचपीवालं मनापासून आवडतं, पण हेही खरं की त्यांच्याकडे आणि जँगोकडे पानं सांभाळायला माणसं आहेत. आपल्याकडे आपण एकटे, आणि पावसात लाईट गेली की तेही नाही.

आता आधी हे बघा की मोडतं नेमकं किती. पायथन 2 जेव्हा 1 जानेवारी 2020 ला बंद झालं तेव्हाची गोष्ट वेगळी होती, प्रिंटला कंस लागायला लागले, टाईप केलेलं वाचणारं रॉ इनपुट हे फंक्शन गेलं, आणि 7 भागिले 2 केलं की 3 यायचं तिथे 3.5 यायला लागलं, तेही कुठली एरर न देता. एवढं बदललं असेल तर जुनं पान दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, सरळ नवीन लिहा, ह्यात माझं दुमत नाही. पण 3.8 वरून 3.12 किंवा 3.13 वर जाताना नवशिक्यांच्या धड्यातला कोड बहुतेक तसाच्या तसा चालतो. जे मोडतं ते थोडं असतं, पण नको तिथे असतं.

माझ्याकडे एक लकी ड्रॉचा प्रोग्राम आहे, चवथीच्या वेळी वाड्यावर सोडत काढतात ना तसा. नावं सेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या यादीत) टाकायची, म्हणजे कुणी दोन चिठ्ठ्या घातल्या तरी नाव एकदाच धरलं जातं, आणि मग रँडम सँपल ह्या फंक्शनने तीन नावं काढायची. 3.8 मध्ये बिनबोभाट चालायचा. 3.9 मध्ये वॉर्निंग आली आणि 3.11 पासून टाईप एरर, की पॉप्युलेशन (ज्यातून नावं काढायची ते) सीक्वेन्स म्हणजे क्रमवार यादी पाहिजे, सेट असेल तर सॉर्टेड वापरा. उपाय एरर स्वतःच सांगते, दुरुस्ती एका शब्दाची. विंडोजचा फाईल पाथ हा दुसरा नमुना. सिंगल बॅकस्लॅशने लिहिलेला पाथ आधी सहसा गुपचूप चालून जायचा, 3.12 पासून तिथे सिंटॅक्स वॉर्निंग येते की हा एस्केप सीक्वेन्स (बॅकस्लॅश आणि पुढच्या अक्षराची जोडी) चुकीचा आहे. प्रोग्राम चालतो, पण पोरगं वॉर्निंग बघून घाबरतं आणि पुढे जातच नाही.

ह्याहून जास्त जुनं होतं ते कोडच्या भोवतीचं लिखाण. माझा एक अख्खा धडा एरर कशा वाचायच्या ह्यावर होता. त्यात मी घोकून घोकून सांगितलं होतं की कंस बंद करायचा राहिला तर पायथन पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, म्हणून एरर आली की आधी मागची ओळ बघा. 3.10 पासून पायथन स्वतःच सांगतो की हा कंस बंदच केला नाही, आणि बोटही बरोबर त्या कंसावर. कोट बंद करायचा राहिला तर पूर्वी ईओएल व्हाईल स्कॅनिंग असं काहीतरी अगम्य यायचं, आता अनटर्मिनेटेड स्ट्रिंग लिटरल येतं. म्हणजे कोड चालतोय पण धडा खोटा. 3.13 मध्ये तर शेलमधून (पायथनच्या कमांड खिडकीतून) बाहेर पडायला नुसतं एक्झिट टाईप केलं तरी चालतं, आणि माझ्या नोट्समध्ये कंस का लागतात ह्यावर परिच्छेद.

असलं काम जागच्या जागी करणं कंटाळवाणं असतं हे कबूल. नवीन लिहायला बसलं की हुरूप येतो, जुन्या पानात शोधशोधून शब्द बदलायला येत नाही. शिवाय पूर्ण नवीन लिहिलं की मांडणी एकसारखी राहते, ठिगळं दिसत नाहीत. हा फ्रीझवाल्या रस्त्याचा खरा फायदा, आणि ज्याला लिहायला वेळ आहे त्याने तो जरूर विचारात घ्यावा.

पण मला ज्या एका गोष्टीने वैताग आणला ती म्हणजे पट्टी. फ्रीझ केलेल्या पानावर मी लाल पट्टी लावली होती, ही नोट 3.8 साठी आहे, नवीन नोट इथे. ठळक, मराठीत, कुणालाही कळेल अशी. ती कोणीच वाचत नाही. कारण पोरं पानावर वरून येतच नाहीत! क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी लिंक फिरते ती धड्याच्या मधल्या हेडिंगची असते, कोणीतरी कधीतरी कॉपी केलेली, आणि त्या लिंकवर टॅप केलं की फोन थेट लकी ड्रॉपाशी जाऊन उभा राहतो. पट्टी वर कुठेतरी राहिली, चार स्क्रीन वर. मग वाळपईहून एका मुलीचा मेसेज, सर प्रोग्राम चालत नाही. स्क्रीनशॉट बघितला की तीच टाईप एरर. तिला नवीन लिंक पाठवली, ती म्हणाली थँक्यू सर, आणि पुढच्या बॅचला तिने पाठवली ती जुनीच लिंक, कारण ग्रुपमध्ये सर्च केलं की तीच आधी सापडते.

मग मी पट्टी प्रत्येक हेडिंगखाली लावून बघितली. पान असं दिसायला लागलं की धडा कमी आणि इशारे जास्त. मग स्क्रीनला चिकटून राहणारी पट्टी केली, ती छोट्या फोनवर कोडच्या पहिल्या दोन ओळी झाकायची, पोरांनी फुली मारून ती बंद केली की विषय संपला. गुगलसाठी कॅनॉनिकल टॅग (खरं पान कुठलं ते सर्चला सांगणारी खूण) टाकला, त्याने सर्चमध्ये थोडा फरक पडला असं वाटतं, पण व्हॉट्सॲपला त्या टॅगचं काय सोयरसुतक. जुनी लिंक नवीन पानाकडे रीडायरेक्ट करणं, म्हणजे उघडली की आपोआप नवीन पानावर नेणं, हा एकच उपाय उरला, आणि तो केला की मधल्या हेडिंगच्या लिंका तेव्हाच चालतात जेव्हा नवीन पानावर हेडिंगची आयडी (लिंकच्या शेवटी येणारं त्याचं नाव) तीच ठेवली असेल. म्हणजे शेवटी तुम्ही जुन्या पानाच्या सांगाड्यात नवीन मजकूर भरत असता. मग सरळ तिथेच दुरुस्त केलं असतं तर काय वाईट होतं?

फाईल हँडलिंगच्या धड्यांबाबत एकही मेसेज आला नाही म्हणणार नाही, पण जे आले ते खऱ्या शंकांचे होते, व्हर्जनचे नव्हते. लिंक कितीही जुनी असो, उघडलं की आजचं पान. बाहेर काय चाललंय ते बघा ना, पीएचपीची डेटाबेसला जोडणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं 7.0 मध्ये काढून टाकली, डिसेंबर 2015 मध्ये, आणि त्यांच्यावर लिहिलेली ट्युटोरियल अजून सापडतात, पोरं अजून त्यातून कोड उचलतात. मॅन्युअलच्या पानावर इशारा आहे म्हणून कोणी थांबलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. एका हायर सेकंडरीच्या लॅबमध्ये अजून विंडोज 7 आहे. 3.8 ही विंडोज 7 वर चालणारी शेवटची पायथन, 3.9 पासून इन्स्टॉलच होत नाही. तिथल्या सरांच्या हातात काही नसतं, मशीन बदलायची फाईल कुठल्या टेबलावर आहे त्यांनाही माहीत नाही. त्यांच्यासाठी माझं जागच्या जागी सुधारलेलं पान म्हणजे डोकेदुखी, कारण इन्स्टॉलरचा फोटो जुळत नाही, एरर जुळत नाहीत. तुमचा वाचक मुख्यतः असा असेल, म्हणजे व्हर्जन त्याच्या हातात नसेल, तर फ्रीझ करणंच बरोबर, त्यात वाद नको. मी त्यांच्यापुरती जुन्या पानांची पीडीएफ काढून दिली आणि ती वेबवर ठेवली नाही, म्हणजे तिची लिंक फिरण्याचा प्रश्नच नाही.

व्हिडिओचंही वेगळं. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवीन व्हिडिओ बदलून टाकता येत नाही, त्यामुळे तिथे निवड अशी नाहीच, नवीन बनवा आणि जुन्याच्या टायटलमध्येच व्हर्जन लिहा. डिस्क्रिप्शनमध्ये नको, डिस्क्रिप्शन म्हणजे परत पट्टीच.

जागच्या जागी करायचं ठरवलंत तर दोन गोष्टी सांभाळा असं सुचवीन. सगळे प्रोग्राम नवीन व्हर्जनवर चालवताना कमांडमध्ये कॅपिटल डब्ल्यूच्या फ्लॅगला एरर द्या, म्हणजे प्रत्येक वॉर्निंग एरर होऊन समोर येते, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत काय मोडणार ते आजच दिसतं. तारखेच्या धड्यातलं यूटीसी नाऊ हे फंक्शन मला असंच सापडलं, 3.12 पासून ते डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकायचं ठरलेलं) आहे पण नुसतं चालवून बघितलं असतं तर चालतंय म्हणून सोडून दिलं असतं.

दुसरं, जे मोडलं तेवढंच बदला. हात शिवशिवतात, 3.10 मध्ये मॅच केस (अनेक पर्यायांतून निवडायची नवी रचना) आलंय ते घालू, 3.12 मध्ये एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरातच व्हेरिएबल घालायच्या पद्धतीच्या) आत बाहेरचाच कोट परत वापरता येतो तर कोड सुटसुटीत करू. नको. ज्याच्याकडे 3.10 किंवा 3.11 आहे त्याच्याकडे तोच एफ-स्ट्रिंग सिंटॅक्स एरर देतो, आणि तुमचं सुधारलेलं पान त्याच्यासाठी मोडतं. सॉर्टेड लावलेला लकी ड्रॉ 3.8 वरही चालतो आणि 3.13 वरही, दुरुस्ती अशी असावी. नवीन काही शिकवायचंच असेल तर त्याला वेगळा धडा द्या आणि नावातच व्हर्जन घाला.

आणि पानाच्या तळाशी पीएचपीसारखा छोटा बदलांचा तक्ता ठेवा, तारीख, व्हर्जन, काय बदललं, एवढाच. पोरं तो वाचणार नाहीत, पण दुसरे शिक्षक वाचतात, मला त्यावरूनच मेसेज येतात की सर सातव्या धड्यात अजून जुनं राहिलंय.

फोंड्यातल्या मित्रांचे धडे अजून थोडेच आहेत आणि त्यांची पोरं आपापल्या लॅपटॉपवर शिकतात, त्यामुळे त्यांना तरी मी लिंक न बदलण्याचाच सल्ला दिला. ते म्हणाले बघतो, पण नवीन लिहायची मजा वेगळीच असते. असते, नाही कोण म्हणतंय, फक्त हेडिंगच्या आयडी तेवढ्या तशाच ठेवा म्हटलं.