वाकलेला शॉकअप: प्रेसवर सरळ करायचा की नवे पाइप टाकायचे?

सेकंडहँड मोटरसायकल घेतली, ती आधी कुठेतरी समोरून ठोकलेली निघाली, आणि गॅरेजवाल्याने दोरी लावून पुढच्या शॉकअपच्या पाइपमधला बाक दाखवला, की पुढचा प्रश्न तोच विचारतो: सरळ करून आणू की नवा टाकू? आमच्या घरात दोन्ही झालंय. माझ्या गाडीचा पाइप प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर, सरळ केला आणि धाकट्या भावाच्या गाडीला नवी जोडी टाकली. दोन्ही गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या. कामही सारखंच: घर ते मळा, मळा ते अमळनेर, अधूनमधून धुळ्याची किंवा जळगावची फेरी. मी मेकॅनिक नाही, वापरताना जे कळलं तेवढंच सांगतो.

आधी पाइप खरंच वाकलाय का, ते बघा. साध्या पडण्यात पुष्कळदा पाइप वाकत नाही, तो टीमध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही पाइप धरणाऱ्या पकडीत, नुसता फिरतो. हँडल सरळ धरलं तर चाक एका बाजूला बघतं आणि माणूस घाबरून शॉकअप बदलायला निघतो. एक्सलचा आणि खालच्या टीचा बोल्ट ढिला करायचा, चाक गुडघ्यांत धरायचं आणि हँडल पिळून जागेवर आणायचं, मग पुन्हा आवळायचं. फुकटात काम होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, झिजलेला असला तरी गाडी विचित्र चालते. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर वाट्यांत खाच पडलीय, पाइपचा त्यात दोष नाही. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश गेले असतील किंवा चेन ताणताना चाक तिरपं बसलं असेल, तरी गाडी ओढते. हे सगळं तपासूनही बाक उरला, तरच पुढे वाचा.

सरळ करण्याच्या बाजूने बोलायला भरपूर आहे. नव्या जोडीच्या मानाने मजुरी फारच कमी पडते. पार्टची वाट बघावी लागत नाही. बंद पडलेल्या मॉडेलला तर बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो. चांगला टर्नर (लेथवाला) पाइप काढून व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर ठेवतो, बाक मोजणारा डायल लावून फिरवतो आणि थोडाथोडा दाबत आणतो. हातोडीने ठोकणारा किंवा गॅस लावून तापवणारा दिसला तर पाइप उचला आणि घरी या. तापवलं की क्रोम आणि पोलाद दोन्ही बिघडतात. काम झाल्यावर पाइप जाड काचेवर ठेवून घरंगळवायचा आणि खालून फट दिसते का बघायची. एवढी तपासणी कुणालाही जमते.

माझा पाइप या परीक्षेत पास झाला होता. गाडी सरळ चालत होती. सुरत-नागपूर हायवेवर ट्रकच्या वाऱ्यातही हँडल थरथरलं नाही. म्हणजे चालवण्याच्या बाबतीत माझी काही तक्रार नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

तक्रार होती ती तेलाची.

झालं असं की शॉकअपच्या सरळ केलेल्या पायातलं ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवणारं रबरी कडं, गळायला लागलं. बदललं, थोडे दिवस बरं गेलं, पुन्हा गळायला लागलं. दुसऱ्या पायाचं सील मात्र कोरडं ठणठणीत. टर्नरने कारण सांगितलं ते मला पटलं. पाइप बहुधा खालच्या टीच्या लगेच खाली वाकतो. बाक काढला तरी तिथल्या क्रोमला केसासारख्या चिरा पडून गेलेल्या असतात. एरवी सील त्याच्या बरंच खाली फिरतं, पण मोठ्या खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबला की ते वर त्या भागापर्यंत पोचतं आणि त्याची कड घासली जाते. पावसाळ्यात त्याच चिरांतून गंज उठतो, मग तर घासणं आणखी वाढतं. नखाने हळूच चाचपलं तर खरखर लागते.

सील गळलं तर एवढं काय, असं कुणी म्हणेल. डांबरी रस्त्यावरच गाडी फिरवणाऱ्याला कदाचित काहीच नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि मळ्याच्या वाटेवर काळ्या मातीचा घोटाभर फुफाटा असतो. तेलाच्या पातळ थरावर तो बसला की त्याचं पॉलिशपेपरसारखं लेपण तयार होतं, आणि तेच पुन्हा सीलमध्ये ओढलं जातं. रोज सकाळी गाडी काढण्याआधी चिंधी घेऊन पाइप पुसायचा. पुसला नाही तर पांढऱ्या पायजम्यावर काळे शिंतोडे, आणि लग्नाला निघालेलो असलो की ते हमखास. वर माझ्या गाडीला पुढे डिस्क आहे. तेल ओघळत खाली आलं आणि ब्रेक पॅडला लागलं की ब्रेक धरता धरत नाही. तिथे मात्र हा नुसता वैताग राहत नाही.

सील स्वस्त असतं, पण ते बदलायचं म्हणजे चाक काढा, पाय उतरवा, तेल मोजून भरा. गॅरेजवाल्याचा अर्धा दिवस जातो आणि लगीनसराईत तो सापडतच नाही. सापडला तरी पाइपवर बोट फिरवून म्हणतो, "चाली जाई, भो!" म्हणजे चालून जाईल, भाऊ. चालतंच म्हणा, पण किती दिवस?

भावाच्या गाडीबद्दल लिहायला फारसं काही नाही. नवी जोडी टाकल्यापासून तिच्या शॉकअपचा विषय घरात निघालेला नाही. त्याचीही गाडी त्याच फुफाट्यातून जाते आणि केळीच्या ट्रॅक्टरांनी खोल केलेल्या त्याच चाकोऱ्यांतून आदळते. पैसे देताना त्याचा चेहरा उतरला होता, एवढं खरं.

नव्यातही तीन गोष्टी जपाव्या लागतात. डुप्लिकेट पाइपचं क्रोम पातळ असतं आणि एक-दोन पावसाळ्यांतच त्यावर ठिपके येतात. तसे पाइप घेण्यापेक्षा नीट सरळ केलेला मूळ पाइप मला तरी बरा वाटतो. दुसरं, बॉटम, म्हणजे पाइप ज्यात वरखाली होतो ती खालची नळी, आतून झिजलेला असेल तर नवा पाइपही त्यात हलतो आणि सील खातो, म्हणून बसवण्याआधी हाताने हलवून बघायला सांगा. तिसरं, पाइप जोडीनेच बदला. एक जुना एक नवा बसवता येतो, कुणी अडवत नाही, पण त्याच ठोकरीत दुसऱ्या पाइपनेही मार खाल्लेला असतो.

भंगारातून मूळ कंपनीचा पाइप आणायचा, हा तिसरा मार्ग. मडगार्ड, डूम (हेडलाइटभोवतीचं कव्हर), पोचा नसलेली टाकी यासाठी भंगारवाल्यासारखा मित्र नाही. पण तिथे आलेली गाडी बहुधा आदळूनच आलेली असते, तेव्हा तिचा पाइप घेतला तर आपल्या बाकाऐवजी दुसऱ्याचा बाक घरी येतो. मॅगव्हीलचंही, म्हणजे आऱ्यांऐवजी ओतीव चाकाचंही, तसंच: तडा वरून दिसत नाही. आपलं मॅगव्हील वाकलं असेल तर तेही ठोकून सरळ करू देऊ नका. स्पोकचं रिम मात्र आऱ्या आवळून नीट येतं, ते खुशाल करून घ्या.

विम्यावर फार विसंबू नका. जुन्या गाडीचा बहुतेकांनी फक्त थर्ड पार्टी विमा काढलेला असतो, त्यात आपल्या गाडीचा खर्च बसत नाही. पूर्ण विमा असला तरी साध्या पॉलिसीत धातूच्या पार्टवर गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर ४० टक्के आणि १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक आणि रबरावर सरसकट ५० टक्के.

मग काय करावं? बाक अगदी हलका असेल, क्रोमवर सुरकुती नसेल, गाडी गावातल्या गावात फिरणार असेल किंवा पार्टच मिळत नसेल, तर प्रेसवर सरळ करून घ्यायला हरकत नाही. तुमचा टर्नर माझ्यापेक्षा नशीबवानही निघेल. पण रोज कच्च्या वाटेने जायचं असेल, मागे घरचं माणूस किंवा बाजूला दुधाचे कॅन असतील, तर माझा कौल नव्या जोडीला. माझ्या गाडीलाही आता नवीच जोडी आहे. ऑर्डर देताना दोन्ही सील, डस्ट कव्हर आणि शॉकअपचं तेल एकदमच सांगा. सील नंतर बघू म्हटलं की जुनंच सील नव्या पाइपवर चढवलं जातं.