नव्या पेठेतलं केबलचं दुकान: पैसे द्यायच्या आधी बॉक्स उघडून दाखवतात

मी लायसन्सवाला वायरमन. सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमागाचे कारखाने आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या शेड, हीच माझी गिऱ्हाइकं. हल्ली नेटवर्कची कामंही त्याच मालकांकडून येतात. कॅमेरे तर आलेच, शिवाय नव्या रॅपियर मागांचं इलेक्ट्रॉनिक जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, डिझाइन घेतं तेही केबलवरूनच. एकाच शेडमध्ये इकडे ४१५ व्होल्टचं पॅनल, तिकडे कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची केबल. दोन्हीकडे जीव तांब्यात, आणि दोन्हीकडे फसवणूकही तांब्यातच. नव्या पेठेतल्या या दुकानातून मी बरीच वर्षं माल उचलतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नेटवर्कचं सांगतो, कारण तिथं लोक सर्रास नागवले जातात. एका कारखान्यात दुसऱ्या कुणीतरी ओढलेली केबल होती. दिवसभर कॅमेरे ठणठणीत, अंधार पडला की गेटजवळचा कॅमेरा बंद पडायचा, पुन्हा आपोआप चालू व्हायचा. मालकाने कॅमेरा बदलला, स्विच बदलला, गुण काही येईना. मी टोक सोलून तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. याला बाजारात सीसीए म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त करंट ओढतो. कॅमेऱ्याची वीजही त्याच केबलमधून जाते, लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा मान टाकतो.

तो तुकडा घेऊन मी या दुकानात आलो. आतला नेटवर्कचा काउंटर दुकानाचे मालक काका, त्यांच्या सूनबाई सांभाळतात, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. त्यांनी ३०५ मीटरचा नवा बॉक्स माझ्यासमोर उघडला, केबलचं आतलं टोक शोधून काढलं, दोन्ही टोकांना एकाच रंगाची तार सोलली आणि मल्टीमीटर लावला. वीस ओहमच्या थोडं वर. मग कोपऱ्यातला सीसीएचा बॉक्स काढला. तो त्यांनी विकायला नाही, दाखवायला ठेवलाय. तेवढीच लांबी, पण मीटर तिशीच्या पुढे. कॅट सिक्सच्या तारेला १०० मीटरमागे ९.३८ ओहमपेक्षा जास्त रोध चालत नाही. चांगलं २३ गेजचं तांबं सातच्या आत बसतं, सीसीए दहाच्या पुढे जातं. शेवटी दोन्ही बॉक्स माझ्या हातात दिले. उचलल्याबरोबर फरक कळतो, कारण अ‍ॅल्युमिनियमचं वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. अशी शहानिशा करू देणारं दुसरं दुकान मला तरी सोलापुरात भेटलेलं नाही.

अजून एक त्या आवर्जून विचारतात: केबल मोटारीच्या वायरीजवळून जाणार का? जाणार असेल तर शील्डवाली, म्हणजे बाहेरच्या विजेचा त्रास अडवणारं धातूचं वेष्टण असलेली, देतात आणि तिची शील्ड अर्थ करायला बजावतात. शील्ड मोकळी सोडली तर पैसे पाण्यात.

आता बाहेरचा काउंटर. तिथं मी एकदा पन्नास स्क्वेअर एमएमच्या केबलसाठी तांब्याच्या थिंबल, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवायच्या आणि बोल्टने कसायच्या टोप्या, मागितल्या. पोरगा थिंबल काढायच्या आधी म्हणाला, "अण्णा, केबल तांब्याची का अ‍ॅल्युमिनियमची?" प्रश्न साधा आहे, पण बहुतेक दुकानांत तो कुणी विचारत नाही. मीटरपासून पॅनलपर्यंत आपल्याकडे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड केबल असते आणि पॅनलमध्ये बसबार, म्हणजे वीज वाटणारी पट्टी, तांब्याचा. हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि हवेत ओल असली की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. त्यात ते तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे जोड हळूहळू सैल होतो. सैल जोड तापतो, आणि मागाच्या शेडमध्ये पॅनलवर कायम सुताची धूळ. पुढचं सांगायला नको. तिथं बायमेटल थिंबलच हवी, नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि पान तांब्याचं. महाग पडते, पण मी आता मालकाला विचारतसुद्धा नाही, सरळ बिलात धरतो.

गल्ल्याशेजारी काकांनी एक नमुना ठेवलाय: तांब्याची थिंबल हायड्रॉलिक मशीनने दाबून करवतीने मधोमध कापलेली. कापलेल्या तोंडाकडे बघा. गोल तारा एकमेकींत दाबल्या जाऊन सहाकोनी झाल्यात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या, फट कुठेच नाही. शेजारी हातोडीने ठोकलेली थिंबल, तीही कापलेली, आणि तिच्यात मधोमध पोकळी दिसते. शिकाऊ पोरांना मी मुद्दाम इथं आणून हे दोन तुकडे दाखवतो. माझ्या तासाभराच्या बडबडीपेक्षा ते लवकर पटतं. थिंबल दाबायचं मोठं क्रिंपिंग मशीन डाय-सेटसकट, म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या साच्यांसकट, भाड्यानेही देतात, छोट्या वायरमनला ही मोठी सोय आहे.

बसबारची पट्टी काट्यावर घालूनच देतात. तांब्याची २५ बाय ६ मिलिमीटरची एक मीटर पट्टी १ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. कमी भरली तर जाडी मारलेली आहे असं समजा. हे गणित मला काकांनीच कागदावर मांडून दिलं, तो कागद अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दर बाजारात सगळ्यात कमी नाहीत. तांब्याचा भाव रोज हलतो म्हणून कोटेशन दोन दिवसांपलीकडे धरत नाहीत, आणि कारखान्याचा मालक मंजुरी द्यायला आठवडा लावतो, त्यात माझी ओढाताण होते. दोन दिवसांची मुदत निदान चार करा, असं मी काकांना तोंडावर सांगितलंय. उधारी बंद. संध्याकाळी नव्या पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा सकाळी दुकान उघडताच जा. वहिनींनाही तेव्हा बॉक्स उघडून दाखवायला निवांत वेळ असतो. मोठ्या मापाच्या बायमेटल थिंबल मात्र आधी फोन करून मागवून ठेवा, त्या नेहमी हजर नसतात.