भुसावळमधील एक घरगुती पाळणाघर: नवव्या महिन्यातील चार तासांचा हिशेब

मला नुकताच नववा महिना लागला आहे आणि माझी थोरली मुलगी अडीच वर्षांची आहे. भुसावळमध्ये रेल्वे वसाहतीजवळ एक मावशी आपल्या घराच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवतात. गेले पाच आठवडे मुलगी तेथे सकाळी साडेनऊ ते दुपारी दीडपर्यंत असते. त्या घराला पाटी नाही, नावही नाही. वसाहतीत सगळे ‘मावशींकडे’ एवढेच म्हणतात. अर्ध्या दिवसाचे महिन्याला 2,500 रुपये घेतात आणि डबा घरून द्यावा लागतो.

मी एका लहान खासगी शाळेत शिकवते. 2017 पासून कायद्यानुसार पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातील जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते मी घेतले, आणि रजेच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले की शाळेतून सुटका झाली असली तरी घरातील अडीच वर्षांच्या अधिकाऱ्याने रजा मंजूर केलेली नाही. त्याच कायद्याने पाळणाघराची सोय 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना बंधनकारक केली आहे. आमच्या शाळेत शिपाई धरूनही तेवढी माणसे भरत नाहीत. अंगणवाडीत चौकशी केली, तर पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी मूल तीन वर्षांचे लागते असे सेविकाताईंनी सांगितले. पहिले बाळंतपण यावल तालुक्यात माहेरी झाले होते, दुसरे रिवाजाप्रमाणे सासरी होणार आहे, आणि सासूबाईंचे गुडघे मुलीमागे धावण्याच्या स्थितीत नाहीत. पती मालगाडीवर लोको पायलट असल्यामुळे रात्रीची ड्यूटी करून आले की त्यांना दिवसा झोपावे लागते, म्हणजे मुलीला शांत ठेवण्याचे काम उलट वाढते. ‘मूल झोपले की तूही झोप’ हा सल्ला मला किमान दहा जणींनी दिला. माझ्या मुलीने दुपारी झोपणे दिवाळीतच सोडले आहे, हे त्यांपैकी कोणी विचारले नाही.

पाळणाघराची जागा म्हणजे एक मोठी खोली, मागे पडवी आणि कडुनिंबाची सावली असलेले लहान अंगण. सात मुले असतात. मावशी आणि त्यांची सून अशा दोघी पाहतात. एप्रिल-मेमध्ये भुसावळचा पारा 44 अंशांवर जातो तेव्हा मी सर्वांत आधी कूलर कोठे आहे ते पाहिले: तो खिडकीबाहेर बसवलेला आहे, वायर मुलांच्या हाताला लागत नाही आणि त्यातले पाणी रोज बदलले जाते. अकरानंतर मुलांना अंगणात सोडत नाहीत. पाण्याचा माठ झाकलेला असतो व प्रत्येक मुलाचा पेला वेगळा असतो. मोबाईल दाखवत नाहीत. जुने डबे, मक्याची कणसे, कापडाच्या बाहुल्या एवढ्यावर चार तास निघतात. घरी वरणाला तोंड न लावणारी माझी मुलगी तेथे इतरांच्या पंगतीत बसून बट्टी वरणात कुस्करून खाते, याचे मला कौतुक आहे आणि थोडा रागही आहे.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. मुलगी फाटकाला धरून रडायची आणि मी घरी येऊन, आता हात मोकळे आहेत म्हणून, कपाटे आवरत व बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) पीठ घेरत बसायचे. संध्याकाळी पाय सुजलेले असत ते तसेच. मावशींनीच एकदा विचारले, “ताई, पोरीला इथे ठेवून तुम्ही घरी नेमकं करता काय?” तेव्हापासून परत आल्यावर आधी आडवे व्हायचे आणि मग बाकीचे, असा क्रम ठरवला. शेवटच्या तिमाहीत झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपावे असे डॉक्टर सांगतात, कारण उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. अडीच वर्षांचे मूल शेजारी असताना कुशीवर पडले, तर ते पाठीवरून घोडा-घोडा खेळते. बाळाच्या हालचाली मोजायलाही मला दोन तासांत दहा हालचाली असे सांगितले होते. पूर्वी आतली लाथ कोणती आणि बाहेरची कोणती हेच मला ठरवता येत नसे. आता मुलगी गेल्यावर दहा ते बारा या वेळेत निवांत मोजते, आणि बहुतेक दिवशी दहाचा आकडा अर्ध्या-पाऊण तासातच पुरा होतो.

तक्रारी दोन आहेत. पहिली गंभीर आहे: तेथील एका मुलाला कांजण्या झाल्या आणि आम्हाला ते तिसऱ्या दिवशी समजले. गर्भारपणात कांजण्यांचा संसर्ग धोक्याचा ठरू शकतो, विशेषतः प्रसूतीच्या अगदी आसपास झाला तर बाळालाही. मला लहानपणी त्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे सांगितले. पण ज्यांना आल्या नाहीत त्यांनी असा संपर्क झाल्यास पुरळ येण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवायला हवे, आणि त्यासाठी बातमी त्याच दिवशी मिळायला हवी. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट सुरू केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. दुसरी तक्रार सुट्ट्यांची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मावशींच्या लेकी माहेरी आल्या आणि पाळणाघर पाच दिवस बंद राहिले. खान्देशात आखाजीला कोणाला बोल लावणार? तरी आठ दिवस आधी सांगितले असते, तर मी सासूबाईंच्या भाचीला बोलावून घेतले असते. त्या पाच दिवसांत माझ्या पायांची सूज पुन्हा पहिल्यासारखी झाली.

दीड वाजता मुलीला आणायला जाणे हेही सुरुवातीला जड होते. अंतर दहा मिनिटांचे असले तरी ऊन डोक्यावर असते. आता महिन्याला 400 रुपये जास्त देऊन मावशींची सून तिला घरी पोहोचवते. बाळंतपण जवळ आलेल्या बाईने ही सोय पहिल्या दिवसापासूनच ठरवून घ्यावी. तसेच मूल घालायचे असेल, तर सातव्या महिन्यातच घालावे, म्हणजे रडण्याचे दिवस अंगात त्राण असताना निघून जातात. बाळ आल्यावर लगेच घातले, तर थोरलीला आपल्याला घराबाहेर काढले असे वाटेल, म्हणूनही मी आधीची वेळ साधली.

गेल्या सोमवारी मावशींनी माझ्याकडून तीन फोन नंबर लिहून घेतले आणि कळा रात्री सुरू झाल्या तर मुलीला तशीच झोपेत उचलून आणा, फाटकाची कडी आतून लावत नाही, असे सांगितले. रात्रीच्या या सोयीचे पैसे विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर न देता मुलीच्या अंथरुणासाठी एक जुनी गोधडी घरून आणायला सांगितली.