पडताळणीच्या ई-मेलांचा पूर आणि त्यात दडवलेली खरेदी

एका रात्रीत माझ्या जीमेलवर शेकडो संकेतस्थळांकडून ‘नोंदणी पूर्ण करण्यासाठी आपला ई-मेल पडताळून घ्या’ अशी पत्रे येऊन पडली. त्यांतील एकाही ठिकाणी मी नोंदणी केलेली नव्हती. हा निव्वळ उपद्रव आहे असे समजून माणसाने सगळी पत्रे एकदम पुसून टाकावीत, हीच त्यामागची योजना असते. त्याच रात्री माझ्या क्रेडिट कार्डावर एका परदेशी दुकानातून सुमारे 40 हजार रुपयांची खरेदी झाली होती. परदेशी संकेतस्थळावर ओटीपीशिवायही व्यवहार होऊ शकतो. बँकेने कळवले होते, परंतु तिचा ई-मेल त्या ढिगाऱ्यात गाडला गेला आणि एसएमएसही मोबाइलवरील सूचनांच्या गर्दीत दिसेनासा झाला.

नोंदणीच्या अर्जात कोणाचाही पत्ता भरता येतो आणि तो भरणाऱ्याचाच आहे का, हे तपासण्यासाठी संकेतस्थळाला त्या पत्त्यावर एक पत्र पाठवावेच लागते. भामट्यांचा प्रोग्राम याचाच फायदा घेऊन शेकडो अर्जांत एकच पत्ता भरत सुटतो. जीमेल पत्त्यातील टिंबे जमेस धरत नसल्यामुळे, टिंबांच्या जागा बदलून एकाच संकेतस्थळावर अनेकदा नोंदणी करता येते. पाठवणाऱ्या संस्था खऱ्या असल्याने स्पॅमची गाळणीही ही पत्रे सहसा अडवत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेतील सरकारी ई-मेल पत्त्यांवर असाच मारा झाला होता.

असा पूर आला तर काहीही पुसू नका आणि पत्रांतील दुव्यांवर क्लिक करू नका. आधी बँकेचे ॲप उघडून व्यवहार पाहा, मग इनबॉक्समध्ये बँकेचे आणि आपण वापरतो त्या दुकानांचे नाव शोधा. ही घाई अनाठायी नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिऱ्हाईताने केलेला अनधिकृत व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. मात्र ही मुदत बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजली जाते, ती आपण वाचल्यापासून नव्हे. सूचना दडवण्यामागचा डाव यावरून ध्यानात यावा. कार्ड तत्काळ बंद करून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवावी.

माझी तक्रार मुदतीत पोहोचल्याने बँकेने रक्कम तात्पुरती जमा केली आहे. अंतिम निर्णय व्हायचा आहे. संकेतस्थळे चालवणाऱ्यांना मात्र कळकळीची विनंती आहे, की पडताळणीचे पत्र सुटण्यापूर्वी अर्जावर कॅप्चा (भरणारा माणूसच आहे, प्रोग्राम नाही, हे तपासणारी चाचणी) ठेवा आणि एका पत्त्यावर वारंवार पत्रे जाणार नाहीत अशी मर्यादा घाला.