इंदूरच्या ताटासोबत शिराझ की कॅबर्ने सॉव्हिन्यो?

मे महिन्यात दुकानातून घरी आलेली रेड वाइनची बाटली पस्तीस अंशांवर असते, आणि त्या तापमानाला शिराझ काय नि कॅबर्ने काय, सारख्याच लागतात. आधी नाकाला झोंबणारं अल्कोहोल, मागून शिजलेला जॅम. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. इंदुरात तो फक्त डिसेंबर-जानेवारीत चालतो. एरवी बाटली फ्रीजमध्ये दोनेक तास किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा.

दोन सारखे ग्लास घ्या, प्रत्येकात ५० मिली. पहिला वास न हलवता, दुसरा ग्लास गोल फिरवून.

शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी शोधा. मिरीचा वास येतो रोटंडोन या वासाच्या द्रव्यामुळे, आणि खऱ्या मिरीतही तेच असतं. साधारण पाचातल्या एकाला ते जाणवतच नाही. तेव्हा शेजाऱ्याला मिरी आली आणि तुम्हाला नाही, तर वाद घालू नका. कॅबर्नेत ब्लॅककरंट या काळ्या बेरीचा वास असतो, आणि त्याच्या आड चिरलेली हिरवी शिमला मिरची. ही पिराझिन या वासाच्या द्रव्याची करामत. कॅबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यो ब्लां ही द्राक्षं कॅबर्ने सॉव्हिन्योचे आईबाप (१९९७ मध्ये डीएनएवरून सिद्ध झालं), आणि पिराझिन दोघांतही असतं. थोडी शिमला मिरची शोभते; फक्त तीच येत असेल तर द्राक्ष कच्चंच खुडलेलं असतं.

खरा फरक तोंडात कळतो. घोट पाच-सात सेकंद घोळवा. कॅबर्नेने हिरड्या आणि गालांची आतली बाजू सुपारी चघळल्यासारखी कोरडी पडते: द्राक्षाच्या साली-बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. हा तुरटपणा आहे, कडूपणा नव्हे. नवखे इथेच चुकतात आणि चांगली बाटली नापसंत करतात. शिराझ बहुधा जास्त भरीव आणि मऊ लागते.

ताटात काय आहे त्यावर निवड करा. मटणाला तूप-चरबीचा तवंग असेल आणि तिखट बेताचं असेल, तर कॅबर्ने. चरबी आणि मांसातली प्रथिनं टॅनिन निववतात. झणझणीत रस्सा असेल तर तीच कॅबर्ने जाळ वाढवते. तिथे १३ टक्के अल्कोहोलच्या आसपासची शिराझ घ्या. जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेल्या गराडूशीही (तळलेल्या कंदाशी) शिराझच जमते, फक्त लिंबू कमी पिळा. जिलबी किंवा श्रीखंडासोबत दोन्ही नकोत, गोडापुढे कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन आंबट-कडू होते.

एकच बाटली घ्यायची तर आमचं मत शिराझला. कॅबर्ने घेतलीत तर जेवणाआधी तासभर काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. आणि दुकानात उन्हाच्या शोकेसमधली, कॉर्क वर सरकलेली बाटली कुठल्याही जातीची असो, परत ठेवा.